प्रॉक्सीच्या रिग्रेशन टेस्ट: बिल्ड सर्व्हरवर हिरव्या, नागपुरातल्या मशीनवर लाल

स्क्विड ही क्लायंट आणि सर्व्हरच्या मध्ये बसून वेबची उत्तरं कॅशेत साठवणारी प्रॉक्सी. तिच्या किंवा तिच्यावर बेतलेल्या प्रॉक्सीच्या टेस्ट बाहेरच्या बिल्ड सर्व्हरवर रोज रात्री पास होतात. तोच कोड परसोडीच्या आयटी पार्कात, मिहानमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये चालवला, की कॅशेच्या चार-पाच टेस्ट फेल. परत चालवल्या तर कधी पास, कधी भलत्याच फेल. मग कोणीतरी 'तीन वेळा रिट्राय'ची ओळ टाकतं, महिनाभर शांतता असते, आणि नवी आवृत्ती काढायच्या आदल्या दिवशी सगळं पुन्हा वर येतं.

रिट्राय टाकण्याआधी एकच गोष्ट पाहा: संच पाच वेळा लागोपाठ चालवला तर दर वेळी त्याच टेस्ट फेल होतात की वेगवेगळ्या? त्याच होत असतील तर दोष घड्याळाचा, टाइमझोनचा किंवा कॉन्फिगचा. वेगवेगळ्या होत असतील तर आधीच्या फेरीचा मागे राहिलेला कचरा, पोर्ट किंवा मशीनचा वेग. प्रॉक्सीच्या कोडवर संशय शेवटी घ्यायचा. या टेस्टमध्ये क्लायंट, प्रॉक्सी आणि खोटा ओरिजिन (म्हणजे मूळ उत्तर देणारा) सर्व्हर असे तीन गडी असतात, आणि त्यांतले दोन आपणच घाईघाईत लिहिलेले असतात.

खाली आकडे आहेत ते लिनक्सवरच्या स्क्विडचे. दुसरी प्रॉक्सी असेल तर डिफॉल्ट बदलतील, दुखणी हीच राहतील.

रिक्वेस्ट प्रॉक्सीतून जाते तरी का?

हा प्रश्न वेडगळ वाटतो, पण हिरव्या टेस्टचं सर्वात लाजिरवाणं कारण हेच असतं. ओरिजिन आणि प्रॉक्सी दोन्ही लोकलहोस्टवर आहेत, आणि मशीनवर, प्रॉक्सी कुठे टाळायची ते सांगणाऱ्या 'नो-प्रॉक्सी' व्हेरिएबलमध्ये लोकलहोस्ट व १२७.०.०.१ आधीच लिहिलेलं आहे. क्लायंट प्रॉक्सीला बगल देऊन थेट ओरिजिनकडे जातो, २०० (सगळं ठीक) घेऊन येतो, टेस्ट पास. प्रॉक्सीला पत्ताच नाही. गो भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत तर एन्व्हायर्नमेंटमधून प्रॉक्सी घेतली, की लोकलहोस्ट आणि लूपबॅक (मशीनचे स्वतःचेच) पत्ते न विचारताच वगळले जातात. 'नो-प्रॉक्सी' रिकामं असलं तरी.

उलटही होतं. कॅम्पस किंवा ऑफिसच्या नेटवर्कमध्ये मशीनवर आधीच एक प्रॉक्सी लावलेली असते आणि टेस्टमधली काही साधनं तिच्यातून बाहेर पडतात. कर्ल साध्या एचटीटीपीसाठी फक्त लहान अक्षरांतलं व्हेरिएबल मानतं, मोठ्या अक्षरांतलं मुद्दाम वाचत नाही. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी दोन्ही वाचते. म्हणून एकाच मशीनवर कर्लची टेस्ट पास आणि पायथनची फेल असं दिसतं.

उपाय दोन ओळींचा आहे. संच सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रॉक्सीची सगळी व्हेरिएबलं, लहान-मोठी दोन्ही, काढून टाका आणि प्रॉक्सीचा पत्ता क्लायंटला थेट पॅरामीटरने द्या. आणि प्रत्येक टेस्टमध्ये उत्तराचा 'व्हाया' हेडर (उत्तर कुठल्या प्रॉक्सींतून आलं ते सांगणारा) तपासा: त्यात आपल्या प्रॉक्सीचं नाव नेमकं एकदा असलं पाहिजे. एकदाही नसेल तर बगल दिली गेली. दुसरंही नाव असेल तर मध्ये कोणीतरी बसलंय. प्रॉक्सीचं नाव ओळखू यावं म्हणून टेस्टच्या कॉन्फिगमध्ये 'व्हिजिबल होस्टनेम' स्वतः लिहा. मशीनच्या नावावर सोडू नका.

याच टप्प्यावर ४०३ (मनाई) येत असेल आणि लॉगमध्ये 'टीसीपी डिनाइड' असेल तर घाबरू नका. लोकलहोस्टकडे जाणाऱ्या रिक्वेस्ट नाकारणारी ओळ स्क्विडच्या काही आवृत्त्यांच्या सोबतच्या कॉन्फिगमध्ये चालू असते, काहींत कॉमेंट केलेली. तसंच 'कनेक्ट' (टनेल मागणारी रिक्वेस्ट) फक्त ४४३ पोर्टलाच मोकळं असतं. खोटा टीएलएस सर्व्हर ८४४३ वर उभा केला तर नकारच मिळणार. टेस्टसाठी सोबतचं कॉन्फिग उचलूच नका, दहा-बारा ओळींचं स्वतःचं लिहा.

साडेपाच तासांचा घोळ

दर वेळी त्याच कॅशे-टेस्ट फेल होत असतील, तर बहुतेक वेळा गाडी इथेच अडलेली असते.

ओरिजिन पायथनच्या एचटीटीपी सर्व्हर मोड्यूलवर लिहिलेला आहे असं धरू. 'डेट' हेडर तो स्वतः लावतो आणि बरोबर लावतो, म्हणजे जीएमटीमध्ये. 'एक्स्पायर्स' (मुदत संपण्याची वेळ) मात्र टेस्ट लिहिणाऱ्याने हाताने बनवलेला असतो: आत्ताची वेळ घ्यायची, २ सेकंद मिळवायचे, मजकुरात बसवायचं आणि शेवटी 'जीएमटी' चिकटवायचं. आत्ताची वेळ म्हणून मशीनची स्थानिक वेळ घेतली गेली, की झालं. नागपुरात सकाळी १०:००:०० ला उत्तर निघतं ते असं:

डेट: ०४:३०:०० जीएमटी
एक्स्पायर्स: १०:००:०२ जीएमटी

टेस्ट लिहिणाऱ्याच्या मनात आयुष्य २ सेकंदांचं होतं. प्रॉक्सीने दोन्हींतला फरक काढला तो १९,८०२ सेकंदांचा. टेस्ट ३ सेकंद थांबते, तीच वस्तू परत मागते, आणि रिक्वेस्ट ओरिजिनपर्यंत जायला हवी तिथे हिट मिळतो, म्हणजे कॅशेत साठवलेलंच उत्तर. लाल. बिल्ड सर्व्हर यूटीसीवर असल्यामुळे तिथे फरक २ सेकंदच निघतो. १९,८०० हा आकडा डोक्यात ठेवा. 'एज', 'एक्स्पायर्स' आणि 'डेट' यांच्या वजाबाकीत तो किंवा त्याच्या आसपासचा आकडा दिसला की पुढे शोधायची गरज नाही.

आता यातली खरी गंमत. बिल्ड सर्व्हरवर ती टेस्ट पास होते, पण तीसुद्धा चुकीच्या कारणाने. स्क्विडमध्ये 'मिनिमम एक्स्पायरी टाइम' नावाची सेटिंग आहे, डिफॉल्ट ६० सेकंद. ज्या वस्तूचं आयुष्य यापेक्षा कमी आहे आणि जिच्यासोबत 'लास्ट-मॉडिफाइड' (शेवटच्या बदलाची तारीख) नाही, म्हणजे जुनी झाल्यावर तिची ओरिजिनकडे फेरतपासणी करता येणार नाही, ती वस्तू स्क्विड साठवतच नाही. २ सेकंदांची वस्तू कॅशेत गेलीच नव्हती. तिसऱ्या सेकंदाला रिक्वेस्ट ओरिजिनकडे गेली ती वस्तू शिळी झाली म्हणून नव्हे, तर मुळात साठवलीच नाही म्हणून. एक्स्पायरीचा कोड कोणी अख्खा उडवून दिला असता तरी यूटीसीवर ती टेस्ट हिरवीच राहिली असती. खरं बोलत होतं ते नागपुरातलं लाल मशीन.

म्हणून एक्स्पायरीच्या टेस्टला दोन रिक्वेस्ट पुरत नाहीत, तीन लागतात. पहिली मिस, म्हणजे कॅशेत नाही. दुसरी लगेच, आणि ती हिट आलीच पाहिजे. इथेच कळतं की वस्तू साठवली गेली. तिसरी मुदत संपल्यावर, आणि ओरिजिनने ३०४ (बदल नाही) दिला असेल तर लॉगमध्ये 'टीसीपी रिफ्रेश अनमॉडिफाइड', नवं २०० दिलं असेल तर 'टीसीपी रिफ्रेश मॉडिफाइड'. मधली रिक्वेस्ट गाळलेली टेस्ट दिसली तर ती हिरवी असली तरी दुरुस्त करा. उत्तरासोबत 'लास्ट-मॉडिफाइड' द्यायला विसरू नका, आणि तोही जीएमटीतच. तिथेही घोळ होतोच: १० तास जुनी वस्तू दाखवायची आहे, स्क्विडचा नेहमीचा रिफ्रेश पॅटर्न शेवटच्या बदलापासूनच्या वयाच्या २० टक्क्यांचा आहे, म्हणजे वस्तू २ तास ताजी राहायला हवी. तारीख भारतीय वेळेत लिहून जीएमटी म्हटलं की प्रॉक्सीच्या लेखी ती साडेचार तासच जुनी, आणि ताजेपणा उरतो ५४ मिनिटांचा.

तारीख हाताने बनवणं बंद करा. पायथनच्या ईमेल-युटिल्स मोड्यूलमध्ये 'फॉरमॅट-डेट' आहे, त्याला जीएमटीचा पर्याय दिला की एचटीटीपीला हवी तशी तारीख मिळते. शेल स्क्रिप्टमध्ये 'डेट' कमांडला यूटीसीचा पर्याय द्या आणि लोकेल (भाषेची सेटिंग) 'सी' ठेवा. लोकेलचं कारण: मशीनचं लोकेल मराठी असेल तर ही कमांड वाराचं आणि महिन्याचं नाव मराठीत छापते. 'सोम' लिहिलेली एक्स्पायरी कुठलीच प्रॉक्सी वाचू शकत नाही, आणि एचटीटीपीच्या नियमानुसार न वाचता येणारा 'एक्स्पायर्स' म्हणजे मुदत संपलेलीच.

खात्री करायला मशीन बदलावं लागत नाही. टाइमझोनचं 'टीझेड' व्हेरिएबल बदलून तोच संच तीन वेळा चालवा: यूटीसी, एशिया/कोलकाता आणि अमेरिका/न्यूयॉर्क. तिसरा मुद्दाम, कारण तिथे स्थानिक वेळ जीएमटीच्या मागे असते आणि तीच चूक उलट्या बाजूने, म्हणजे आधीच शिळी झालेली वस्तू म्हणून दिसते. तिन्हींचे निकाल जुळेपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

दुसरी वाईट सवय 'मॅक्स-एज' (वस्तू किती सेकंद ताजी धरायची) १ सेकंद ठेवायची. एचटीटीपीच्या तारखेला सेकंदाच्या खालचा हिशेब नाही. उत्तर ००.९५ ला निघालं आणि पुढची रिक्वेस्ट ०१.०५ ला आली, तर प्रत्यक्षात गेले ०.१ सेकंद, पण वय धरलं जातं १, आणि वस्तू शिळी. ही टेस्ट दहांतून एखाद्या वेळी पडणारच. हिट तपासायचा असेल तर मुदत ३,६०० सेकंद द्या. शिळेपणा तपासायचा असेल तर झोपून राहण्याऐवजी ओरिजिनकडूनच जुनं वय पाठवा: 'मॅक्स-एज' ३,६०० आणि 'एज' ३,५९०. आता मुदत संपायला दहाच सेकंद उरतात, आणि दुसऱ्या रिक्वेस्टला हिट मिळायला पुरेशी फटही राहते. इथेही आयुष्य ६० सेकंदांच्या आत आलं, त्यामुळे 'लास्ट-मॉडिफाइड' हवाच.

दुसऱ्यांदा चालवलं की प्रॉक्सी उठतच नाही

पहिली फेरी नीट, लगेच दुसरी चालवली की 'स्क्विड इज ऑलरेडी रनिंग' म्हणत बंद. मिनिटभराने चालवली तर चालते. कारण 'शटडाउन लाइफटाइम', डिफॉल्ट ३० सेकंद. बंद हो म्हटल्यावर स्क्विड ऐकण्याचा पोर्ट लगेच सोडतं, पण चालू कनेक्शन संपायची वाट पाहत प्रोसेस आणि तिचा क्रमांक ठेवणारी पीआयडी फाइल तशीच राहते. स्क्रिप्टने पोर्ट मोकळा दिसला की 'बंद झालं' असं धरलेलं असतं. कॅशे लॉगमध्ये '३० सेकंद थांबतोय' अशा अर्थाची ओळ दिसेल.

टेस्ट कॉन्फिगमध्ये ही सेटिंग १ सेकंद करा, आणि स्क्रिप्टमध्ये पोर्टकडे न पाहता प्रोसेस खरंच संपली का ते पाहा. किल मायनस नाइनने, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारून, काम उरकू नका. त्याने पीआयडी फाइल मागे राहते, डिस्कवरची कॅशे असेल तर तिची नोंदवही अर्धवट राहते, आणि एकापेक्षा जास्त वर्कर चालवत असाल तर शेअर्ड मेमरीचे तुकडेही उरतात. त्यानंतरची फेरी 'डर्टी' रीबिल्डने सुरू होते; म्हणजे कॅशेत काय आहे याची यादी स्क्विड नव्याने उभी करतं. ते संपण्याआधी आलेल्या रिक्वेस्टला हिटऐवजी मिस मिळू शकतो, आणि सापडतो कोण? बिचारी हिटची टेस्ट.

सर्वात निरोगी पद्धत: प्रत्येक फेरीला नवी तात्पुरती डिरेक्टरी, तिच्यातच पीआयडी फाइल, लॉग आणि कॅशे, आणि स्क्विडला वेगळं सर्व्हिस नाव. सुरुवातीला 'दोन सेकंद झोप' ही ओळ काढून टाका. कॉन्फिग आधी पार्स करून घ्या, डिस्क कॅशे असेल तर तिची घडण करून घ्या, मग स्क्विड सुरू करा आणि लॉगमध्ये कनेक्शन स्वीकारत असल्याची ओळ येईपर्यंत दर १०० मिलिसेकंदांनी पाहा. १५ सेकंदांत आली नाही तर फेल, आणि फेल होताना कॅशे लॉगच्या शेवटच्या ५० ओळी छापा. ही शेवटची गोष्ट केली नाही तर लाल निकालाचा उपयोग शून्य.

डिस्क कॅशेच्या टेस्टला एक खड्डा ठरलेला आहे. मोठी फाइल साठवायची म्हणून 'मॅक्सिमम ऑब्जेक्ट साइज' वाढवली, तरी ४ एमबीच्या वरची फाइल साठत नाही. ती ओळ 'कॅशे डिर'च्या ओळीच्या वर असावी लागते. खाली लिहिली तर त्या डिरेक्टरीला जुनाच डिफॉल्ट लागू राहतो, आणि कुठलीही तक्रार होत नाही.

लॉगमध्ये ओळ नाही, किंवा वेगळीच आहे

क्लायंटला उत्तर मिळालं म्हणजे अॅक्सेस लॉगमध्ये ओळ पडली असं नाही. लॉग लिहिणारी वेगळी प्रोसेस असते. वेगवान टेस्ट तिच्या आधी फाइल उघडते. ओळ येईपर्यंत २ सेकंदांच्या मर्यादेत परत परत वाचा. 'कनेक्ट' टनेलची ओळ तर टनेल बंद झाल्यावरच पडते. कनेक्शन उघडं ठेवून लॉग तपासत बसलात तर दिवसभर बसाल.

नेमकं 'टीसीपी हिट' शोधणारी टेस्टही अधूनमधून पडते. वस्तू मेमरीतून दिली गेली तर लॉगमध्ये 'टीसीपी मेम हिट' येतं. मेमरीत राहणाऱ्या वस्तूची डिफॉल्ट मर्यादा ५१२ केबी आहे, तेव्हा कोणत्या आकाराला काय अपेक्षित ते ठरवून लिहा, नाहीतर दोन्ही मान्य करा.

भार टाकला की 'पत्ता देता येत नाही'

लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनला ३२७६८ ते ६०९९९ मधला पोर्ट देतं, म्हणजे २८,२३२ पोर्ट. बंद झालेलं कनेक्शन टाइम-वेट नावाच्या अवस्थेत ६० सेकंद राहतं आणि तोवर त्याचा पोर्ट अडकलेला असतो. एका पत्त्यावरून एकाच ओरिजिनच्या एकाच पोर्टकडे दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडलं, तर सेकंदाला साधारण ४७० च्या वर टिकाव लागत नाही. पहिलं मिनिटभर सगळं झकास, मग धडाधड फेल. लूपबॅकवर हे दिसत नाही, कारण ४.१९ पासूनचा कर्नल तिथे टाइम-वेटमधले पोर्ट पुन्हा वापरू देतो. दोन मशीनवर नेलं की दिसतं.

मूळ कारण बरेचदा ओरिजिनमध्ये असतं. पायथनचा तो एचटीटीपी सर्व्हर सांगितलं नाही तर एचटीटीपी १.० बोलतो आणि दर उत्तरानंतर कनेक्शन तोडतो. म्हणजे पोर्ट तर जळतातच, शिवाय 'कीप-अलाइव्ह'ची (एकच कनेक्शन पुन्हा वापरण्याची) टेस्ट म्हणून जे चालवताय त्यात कीप-अलाइव्ह नाहीच. प्रोटोकॉल आवृत्ती १.१ करा आणि प्रत्येक उत्तराला 'कंटेंट-लेंग्थ' द्या. उघड्या फाइलींची मर्यादाही पाहा. १,०२४ असेल तर दर क्लायंटमागे प्रॉक्सीकडे दोन सॉकेट धरा, म्हणजे पाचशेच्या आतच गाडी थांबते.

प्रॉक्सीने किंवा ओरिजिनने ऐकण्यासाठी ४०००० सारखा पोर्ट घेऊ नका. तो बाहेर जाणाऱ्यांच्या पट्ट्यात येतो, आणि कधीतरी एखादं कनेक्शन नेमकं तिथे बसलेलं असतं. १५,००० च्या आसपासचे पोर्ट घ्या. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक फेरी वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्सने दिलेल्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) चालवा. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक बंद असतो, तो आधी चालू करायचा असतो. बहुतेक जण इथे अर्धा तास घालवतात.

नसलेलं नाव सापडतं

'होस्ट सापडला नाही' ही चूक तपासणारी टेस्ट काही घरगुती कनेक्शनवर २०० घेऊन येते, कारण नसलेल्या नावालाही तिथला डीएनएस स्वतःच्या पानाचा पत्ता देतो. नाव 'इनव्हॅलिड' या राखीव शेपटीचं घ्या आणि स्क्विडला टेस्टपुरता स्वतःचा डीएनएस सर्व्हर द्या. फसलेलं नाव स्क्विड १ मिनिट लक्षात ठेवतं, म्हणून प्रत्येक टेस्टला वेगळं नाव. बाकी पत्त्यांमध्ये 'लोकलहोस्ट' न लिहिता १२७.०.०.१ लिहा, नाहीतर काही मशीनवर आधी आयपीव्ही६ चा प्रयत्न होतो आणि तिथे कोणी ऐकत नसतं.

वीज आणि ऊन

डेस्कटॉपवर वीज जाऊन आली आणि मदरबोर्डचा सेल मेलेला असेल, तर मशीन जुन्याच तारखेने उठतं आणि थोड्या वेळाने नेटवरून घड्याळ उडी मारतं. ती उडी टेस्टच्या मध्ये आली तर कॅशेतल्या सगळ्या वस्तू एकदम शिळ्या. घड्याळ जुळल्याची खात्री झाल्याशिवाय संच सुरूच होणार नाही अशी अट स्क्रिप्टमध्ये घाला. टेस्टमधलं टाइमआउट मोजायला मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ वापरा, भिंतीवरचं नाही.

वेगाच्या टेस्टचं नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, काही खरं नसतं. कुलरसमोर ठेवलेला लॅपटॉपही दुपारी प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि सकाळी ४० मिलिसेकंदांत येणारं उत्तर ७० वर गेलं की बिचाऱ्या नव्या पॅचवर बिल फाटतं. कर्नलच्या लॉगमध्ये तापमानामुळे क्लॉक कमी केल्याची ओळ आहे का पाहा; असेल तर त्या फेरीचे आकडे फेकून द्या. सकाळच्या आकड्याशी दुपारचा ताडून पाहू नका. जुनी आणि नवी बिल्ड एकाच बसणीत आलटून-पालटून चालवा, जुनी-नवी-जुनी-नवी अशा किमान पाच जोड्या, आणि प्रत्येक जोडीतलं गुणोत्तर पाहा. पाचही जोड्यांत नवी बिल्ड मागे पडत असेल, तर मात्र पॅच उघडून बसा.